तिसरा थुतमोस आणि मेगिद्दोची खिंड

प्राथमिक शाळेतील इतिहासाच्या पाठांत प्राचीन मिसर देशाचा, म्हणजे इजिप्तचा, उल्लेख बहुधा नाईल नदी, पिरॅमिड व ममी या तीन गोष्टींपाशी येऊन थांबतो. त्यामुळे मिसरी राजांनी थडगी बांधण्यापलीकडे काही केलेच नाही, असा समज मुलांच्या मनात घर करून राहतो. वास्तविक गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला गेला, त्यानंतर हजार वर्षे लोटल्यावर मिसरचे राज्य आपल्या सीमा ओलांडून आशिया खंडात युफ्रेटीस नदीपर्यंत पोहोचले. ही मजल ज्याच्या कारकिर्दीत गाठली गेली तो राजा तिसरा थुतमोस होय. त्याचा राज्यकाल सामान्यतः इ. स. पूर्व १४७९ ते १४२५ असा धरतात. प्राचीन मिसरच्या कालगणनेत विद्वानांचे काही वर्षांचे मतभेद आहेत. तेव्हा हे आकडे मुलांकडून घोकून घेण्यापेक्षा ‘आजपासून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी’ एवढे त्यांच्या मनावर ठसले तरी पुरे.

या राजाविषयी एवढी माहिती मिळते कशी, हा प्रश्न वर्गात आधी उपस्थित झाला पाहिजे. मोहिमेवर राजासोबत लेखक असत. दररोज घडलेल्या गोष्टी ते टिपून ठेवीत आणि महत्त्वाचा मजकूर चामड्याच्या गुंडाळीवर उतरून ती गुंडाळी आमोन देवाच्या मंदिरात ठेविली जात असे. पुढे त्यातील निवडक भाग कर्नाक येथील त्या मंदिराच्या भिंतींवर कोरण्यात आला. यालाच इतिहासकार ‘थुतमोसचे वृत्तांत’ म्हणतात. चानेनी नावाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या थडग्यात अभिमानाने नमूद करून ठेविले आहे की, राजाचे विजय त्याने प्रत्यक्ष पाहिले व लिहून काढले. चामड्याची गुंडाळी केव्हाच नष्ट झाली, भिंत उरली. परंतु भिंतीवर कोरलेला मजकूर हा देवाला अर्पण केलेला मजकूर होता, हे शिक्षकाने विसरू नये. देवासमोर व प्रजेसमोर राजा आपला पराभव कोरवून घेत नाही. ज्यांची नगरे जिंकली गेली त्यांनी त्याच घटना कशा सांगितल्या असत्या, हे कळविणारी भिंत कोठेही सापडलेली नाही.

थुतमोस गादीवर आला तेव्हा तो अगदी लहान होता. त्याचा पिता दुसरा थुतमोस अल्पकाळ राज्य करून वारला. मुलाची आई इसेत ही पट्टराणी नव्हती. पट्टराणी हत्शेपसुत ही मुलाची सावत्र आई आणि नात्याने आत्याही होती. प्रथम तिने बालराजाच्या नावाने कारभार पाहिला. पण सातव्या वर्षाच्या सुमारास तिने स्वतःच राजपद धारण केले व राजाची सर्व बिरुदे लाविली. बालराजाला मात्र तिने पदच्युत केले नाही. कागदोपत्री दोघेही राजे होते आणि वर्षे मोजली जात ती थुतमोसच्याच राज्यारोहणापासून. तिच्या कारकिर्दीत देशात शांतता होती, व्यापार वाढला, दूरच्या पुंत देशाहून जहाजे भरून ऊद व ऊदाची जिवंत झाडे आणली गेली. सुमारे बाविसाव्या वर्षी ती वारली आणि थुतमोस एकटा राज्याचा धनी झाला.

इकडे आशियातील मांडलिकांनी हीच संधी साधली. ओरोंटीस नदीकाठच्या कादेश नगराचा राजा पुढारी झाला आणि अनेक लहानमोठे राजे आपापली सैन्ये घेऊन मेगिद्दो येथे एकत्र आले. नकाशात पॅलेस्टाईनच्या उत्तर भागात कार्मेल डोंगराची रांग समुद्रापासून आग्नेयेकडे तिरपी उतरलेली दिसेल. तिच्या पलीकडे एज्द्राएलचे सुपीक मैदान आणि मैदानाच्या कडेला मेगिद्दोचा किल्लेवजा गाव. मिसरहून सीरियाकडे जाणारा मोठा व्यापारी रस्ता डोंगर ओलांडून याच ठिकाणी मैदानात उतरे. मेगिद्दो हाती असणे म्हणजे त्या रस्त्याचे दार हाती असणे. मेगिद्दो घेणे हे हजार नगरे घेण्यासारखे आहे, अशा अर्थाचे उद्गार वृत्तांतात राजाच्या तोंडी घातलेले आहेत. ही सर्वस्वी अतिशयोक्ती नव्हे.

राज्याच्या बाविसाव्या वर्षाच्या अखेरीस सैन्य सरहद्दीवरील ठाण्यावरून निघाले. वाळवंटातील सुमारे दोनशे किलोमीटरांची वाट नऊ-दहा दिवसांत तुडवून ते गाझा येथे पोहोचले. त्या दिवशी राजाच्या राज्यारोहणाचा वाढदिवस होता. तरीही दुसऱ्याच दिवशी पहाटे कूच झाले. पुढे डोंगराच्या अलीकडे येहेम या गावी तळ पडला व तेथे युद्धमसलत बसली. हे साल इ. स. पूर्व १४५७ हे होय.

मसलतीचा विषय वाटेचा होता. मेगिद्दोकडे जाण्यास तीन वाटा होत्या. एक दक्षिणेकडून वळसा घेऊन तानाख गावाजवळ उतरे, दुसरी उत्तरेकडून फेर घेई. आणि तिसरी अरुना गावावरून सरळ डोंगरातून जाणारी, जवळची परंतु फार अरुंद. सरदारांनी या तिसऱ्या वाटेस स्पष्ट विरोध केला. त्यांचे म्हणणे पूर्णपणे शहाणपणाचे होते. खिंडीत घोड्यामागे घोडा व माणसामागे माणूस असेच जावे लागेल. बिनीची तुकडी मैदानात उतरून लढू लागेल, तेव्हा पिछाडी अजून अरुनालाच उभी असेल. त्या काळच्या सैन्याचे मुख्य बळ रथ होते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. दोन घोडे, हलकी लाकडी गाडी, एक सारथी आणि एक धनुर्धर. मोकळ्या मैदानात अशा शेकडो रथांची फळी धावून आली म्हणजे पायदळ उधळले जाई. तोच रथ खिंडीत सापडला तर निव्वळ ओझे होतो. हा मुद्दा मुलांना समजावयाचा असल्यास वर्गातील सर्व मुलांना एकाच दारातून एकापाठोपाठ बाहेर काढावे व पहिला मुलगा अंगणात पोहोचल्यापासून शेवटचा बाहेर येईपर्यंत किती वेळ लागतो तो मोजावा. दहा हजारांच्या सैन्याचा हिशेब मुले मग आपण होऊनच करू लागतील.

राजाने सरदारांचा सल्ला मानला नाही. वळसा घेतला तर शत्रू आपणांस भ्याड म्हणेल, असे कारण वृत्तांतात दिले आहे. ज्यांना वळणाच्या वाटेने जावयाचे असेल त्यांनी खुशाल जावे, आपण अरुनाच्या वाटेने जाणार, असे त्याने जाहीर केले. अर्थात सगळे त्याच्याच मागे गेले. अहंकाराच्या या भाषेमागे एक व्यवहारी अटकळही असावी. खिंडीतून कोणी शहाणा सेनापती येणार नाही, असे शत्रूलाही वाटत होते. त्याचे सैन्य उरलेल्या दोन वाटांकडे तोंड करून बसले होते. राजा स्वतः आघाडीला चालला. खिंडीचे तोंड जवळजवळ मोकळे सापडले. येथे मात्र सरदारांनी पुन्हा विनंती केली की, पिछाडी सुखरूप बाहेर पडेपर्यंत थांबावे. आणि या वेळी राजाने ते ऐकले. दुपार टळेपर्यंत सैन्य खिंडीतून बाहेर येत राहिले. या दुसऱ्या सल्ल्याकडे पुष्कळ पुस्तकांत दुर्लक्ष होते. पहिल्या सल्ल्याच्या वेळी राजाने दाखविलेले धाडस कथेला रंग आणते, पण सैन्य वाचले ते दुसरा सल्ला मानल्यामुळे.

रात्री मेगिद्दोच्या दक्षिणेस किना ओढ्याच्या काठी तळ पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सैन्याची एक बाजू ओढ्याच्या दक्षिणेच्या टेकडीवर, दुसरी मेगिद्दोच्या वायव्येस आणि मध्यभागी सोन्यारुप्याने मढविलेल्या रथात राजा, अशी रचना झाली. प्रत्यक्ष लढाई फार वेळ चालली नसावी. शत्रूची फळी फुटली आणि सैनिक घोडे व रथ जागीच टाकून किल्ल्याकडे पळत सुटले. आतल्यांनी दरवाजे लावून घेतले होते. तेव्हा पळून आलेल्या राजांना तटावरून सोडलेल्या कपड्यांना धरून वर ओढून घ्यावे लागले.

त्याच क्षणी मिसरी सैन्याने पाठलाग केला असता तर नगर त्याच दिवशी पडले असते. पण सैनिक टाकलेले रथ व सामान लुटण्यात गुंतले. आश्चर्य असे की, ही चूक खुद्द मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहे. सैनिकांच्या या लोभाची किंमत सात महिन्यांच्या वेढ्याने मोजावी लागली. नगराभोवती खंदक खणून तोडलेल्या झाडांच्या लाकडांचा कोट उभारण्यात आला. आतील लोकांचे या सात महिन्यांत काय झाले असेल, याविषयी वृत्तांत जवळजवळ मौन पाळतो. ते भुकेने हतबल होऊन शरण आले, एवढेच कळते. शरण आलेल्या राजांना ठार करण्यात आले नाही. निष्ठेची शपथ घेऊन त्यांना घरी पाठविण्यात आले, मात्र गाढवांवर बसवून, कारण त्यांचे घोडे मिसरच्या राजाने घेतले होते. कादेशचा राजा मात्र निसटला होता.

लुटीची यादी वृत्तांतात तपशीलवार दिली आहे व ती गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल : ९२४ रथ, २,०४१ घोड्या, १९१ शिंगरे, ६ वळू घोडे, ५०२ धनुष्ये, १,९२९ गुरे, २,००० शेळ्या आणि २०,५०० मेंढ्या. लढाईत जिवंत पकडलेले कैदी ३४० आणि मारले गेलेले ८३. मृतांची संख्या त्यांचे हात तोडून आणून मोजण्याची त्या काळी रीत होती. वर्गात हे सांगावे की नाही ते मुलांचे वय पाहून शिक्षकाने ठरवावे. शिवाय मेगिद्दोच्या शिवारातील उभे पीक राजाच्या कारभाऱ्यांनी मोजून कापून नेले. तो गहू २,०७,३०० पोती भरला आणि सैनिकांनी वैरणीसाठी कापला तो निराळाच. शेतकऱ्यांच्या मुलांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. ज्यांनी ते पीक पेरले होते त्यांनी ते वर्ष कसे काढले, हा प्रश्न एखादे मूल विचारील. भिंतीवर त्याचे उत्तर नाही, असेच त्याला सांगावे.

अरुनाच्या त्या वाटेचे पुढे पुन्हा एकदा नाव झाले. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१८ मध्ये जनरल ॲलेन्बी याच्या घोडदळाने याच डोंगरातून मैदानात उतरून तुर्की सैन्याची वाट अडविली. या खिंडीतून रातोरात पुढे गेलेल्या विभागात हिंदी स्वार मोठ्या संख्येने होते. पूना हॉर्स व डेक्कन हॉर्स ही पथकेही त्याच मोहिमेत लढली. त्यांनी डोंगर ओलांडला तो मात्र दुसऱ्या वाटेने.

मेगिद्दोनंतरच्या वीस वर्षांत थुतमोसने आशियात एकंदर सतरा मोहिमा केल्या असे मोजतात. त्यांपैकी कित्येक केवळ खंडणीच्या वसुलीसाठी काढलेल्या फेऱ्या होत्या, तेव्हा प्रत्येकीचे वर्णन करीत बसण्याचे कारण नाही. त्यातील पद्धत मात्र समजून घेण्याजोगी आहे. प्रथम किनाऱ्यावरील बंदरे ताब्यात घेतली व तेथे धान्याची कोठारे भरून ठेविली. त्यायोगे पुढील मोहिमांत सैन्य जहाजाने नेता येऊ लागले आणि वाळवंटातील पायपीट टळली. तेहतिसाव्या वर्षी त्याने युफ्रेटीसपलीकडील मितन्नी राज्यावर चाल केली. नदी ओलांडावयास नावा हव्यात हे आधीच ओळखून बिब्लोस बंदरामागील डोंगरातील देवदाराच्या लाकडाच्या नावा बांधविल्या आणि त्या बैलगाड्यांवर चढवून शेकडो किलोमीटर खुष्कीने नदीपर्यंत ओढून नेल्या. नदीच्या काठी आजोबा पहिला थुतमोस याच्या विजयशिळेशेजारी त्याने स्वतःची शिळा उभारली. याच मितन्नीच्या राजांनी पुढे सुमारे शंभर वर्षांनी हित्ती राजाशी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य या देवांची नावे साक्षीदार म्हणून आढळतात. वेदांतील देवांची नावे इतक्या दूर कशी पोहोचली, हा इतिहासातील एक मोठा व मनोरंजक विषय आहे.

परतीच्या वाटेवर नीय येथे राजाने १२० हत्तींची शिकार केली. सीरियात त्या काळी हत्ती होते व ते भारतातील हत्तींच्याच जातीचे होते. पुढे ते तेथून नामशेष झाले. सर्वांत मोठा हत्ती राजावर चालून आला असता आमेनेमहेब नावाच्या सरदाराने पाण्यात उभे राहून त्याची सोंड तोडली, असे त्या सरदाराच्या थडग्यात लिहिलेले आहे. कादेशच्या वेढ्याच्या वेळी रथांचे घोडे बिथरावेत म्हणून शत्रूने एक घोडी सोडली, तिचा पाठलाग करून तिलाही यानेच मारले. याच काळातील खंडणीच्या यादीत दररोज प्रसवणाऱ्या चार पक्ष्यांचा उल्लेख आहे, असे काहीजण वाचतात आणि त्या कोंबड्या असाव्यात असा तर्क करतात. दगडावरील अक्षरे तेथे झिजलेली आहेत. म्हणून ही गोष्ट तर्क म्हणूनच सांगावी.

याप्पा नगर त्याच्या थुती नावाच्या सेनापतीने टोपल्यांत सैनिक लपवून आत नेऊन जिंकले, अशीही एक कथा पपायरसवर लिहिलेली सापडली आहे. ती मुलांना फार आवडेल व जरूर सांगावी. परंतु ती पुढच्या काळात रचलेली कथा आहे, वृत्तांत नव्हे. थुती मात्र खरोखरी होऊन गेला.

शिक्षकांनी सर्वांत अधिक विचार करावा अशी गोष्ट तिसाव्या वर्षाच्या नोंदीत आहे. जिंकलेल्या राजांची मुले व भाऊ यांना मिसरमध्ये नेऊन ठेवण्यात आले. त्यांच्यापैकी कोणाचा पिता वारला म्हणजे त्याच्या जागी त्या मुलास पाठवावयाचे, असा नियम होता. ही मुले ओलीस होती. त्यांना तुरुंगात मात्र ठेविले जात नसे. राजवाड्याच्या छायेत ती वाढत, मिसरी भाषा व रीतिरिवाज शिकत आणि मोठी होऊन आपल्याच देशात मिसरच्या राजाचे राज्य चालवीत. रथ व धनुष्ये यांनी जे एकदा जिंकले ते शिक्षणाच्या द्वारे टिकविण्याची ही योजना होती, आणि सतरा मोहिमांपेक्षा तीच अधिक काळ टिकली. सुमारे शंभर वर्षांनंतरच्या अमार्ना येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांत एका मांडलिकाचे पत्र आहे. आपणास लहानपणीच मिसरमध्ये नेण्यात आले व आपण राजाची सेवा केली, असे तो निष्ठेचा पुरावा म्हणून लिहितो. शिक्षण कोणाच्या हितासाठी दिले जाते हा प्रश्न किती जुना आहे, ते यावरून दिसते.

थुतमोस केवळ लढवय्या नव्हता. पंचविसाव्या वर्षी त्याने सीरियातील नाना वनस्पती व पशुपक्षी यांची चित्रे कर्नाक येथील आपल्या उत्सवमंडपामागील दालनात कोरवून घेतली. त्यातील काही आज ओळखता येतात, काही मात्र चित्रकाराच्या कल्पनेतूनच उगवलेली दिसतात. त्याचा प्रधान रेखमिरे याच्या थडग्यात परदेशी वकील खंडणी आणीत असल्याची चित्रे आहेत. त्यांत एक लहानसा हत्तीही आहे. तेथेच युद्धकैदी विटा पाडीत असल्याचेही चित्र आहे. मंदिरांची भव्यता शिकविताना विटा पाडणारे हे हातही दाखवावेत.

हत्शेपसुतच्या मृत्यूनंतर तिची नावे व चित्रे खोडण्यात आली, हे खरे आहे. सावत्र आईने राज्य बळकावले म्हणून संतापलेल्या राजाने गादीवर येताच सूड घेतला, असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असे. पुढील संशोधनात असे दिसून आले की, ही खोडाखोड तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ वीस वर्षांनी, राजा उतारवयात असताना सुरू झाली. वीस वर्षे वाट पाहणारा संताप असंभाव्य वाटतो. मुलगा दुसरा आमेनहोतेप याच्या वारशाला कोणी आव्हान देऊ नये म्हणून राजांच्या यादीतून स्त्री-राजा वगळण्याचा तो प्रयत्न असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तिचे कर्नाक येथील उंच स्तंभ पाडण्यात आले नाहीत. त्यांच्या खालच्या भागाभोवती दगडी भिंत उभारून ते झाकण्यात आले. त्या भिंतीमुळे आतील अक्षरे ऊनवाऱ्यापासून वाचली व शाबूत राहिली.

थुतमोसचे स्वतःचे स्तंभ मात्र जगभर विखुरले गेले. एक इस्तंबूलमध्ये आहे, तो इ. स. ३९० मध्ये रोमन सम्राट थिओडोसिअस याने उभारविला. एक रोममध्ये आहे. जोडीतील दुसरे दोन ‘क्लिओपात्राची सुई’ या चुकीच्या नावाने १८७८ मध्ये लंडनला व १८८१ मध्ये न्यूयॉर्कला उभे राहिले. क्लिओपात्रा या राजानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी होऊन गेली.

जवळजवळ चोपन्न वर्षे राज्य करून तो वारला. राजांच्या दरीतील त्याचे थडगे १८९८ मध्ये उघडकीस आले, पण त्यात त्याचा देह नव्हता. चोरांच्या भयाने प्राचीन पुरोहितांनी इतर राजांबरोबर तो देर-एल-बाहरीच्या गुप्त विवरात हलविला होता व तेथे तो १८८१ मध्येच सापडला होता. ३ एप्रिल २०२१ रोजी कैरो शहरात बावीस राजाराण्यांच्या ममींची मिरवणूक निघाली व त्या नव्या संग्रहालयात नेण्यात आल्या, त्यांत हाही होता.

या ममीविषयी एक चूक मात्र अजूनही पुस्तकांतून फिरत आहे. अमेरिकन इतिहासकार ब्रेस्टेड याने थुतमोसला मिसरचा नेपोलियन म्हटले. पुढे ममीची उंची पाच फूट तीन-चार इंच भरल्याचे प्रसिद्ध झाले आणि हा राजाही नेपोलियनप्रमाणेच ठेंगणा होता, अशी समजूत रूढ झाली. प्राचीन काळच्या चोरांनी त्या देहाची मोडतोड केली होती, पावले तुटून गेली होती आणि उंचीचे ते माप पावलांवाचून घेतलेले होते, हे सांगावयाचे राहून गेले. शाळेच्या ग्रंथसंग्रहातील एखाद्या पुस्तकात तो ठेंगणा असल्याचे विधान आढळल्यास शिक्षकांनी पानाच्या कडेला पेन्सिलीने तशी दुरुस्ती करून ठेवावी.